विळा, बोअर आणि भातगिरणीचं चुंबक

माझ्या पर्समध्ये रुमाल असतो, बीपीची गोळी असते, चष्मा असतो आणि एक चुंबक असतं. शहापूरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मी शिरले की दुकानदाराचा चेहरा पडतो. मी पातेल्याच्या बुडाला चुंबक लावते, कडेला लावते, कानालाही लावते. "ओ ताई, पातेलं घ्यायचंय की त्याची सोनोग्राफी करायचीय?" असं तो एकदा वैतागून म्हणाला. मी म्हटलं, "आधी सोनोग्राफी, मग बघू!" काय करणार, सवय आहे. चांगलं स्टील चुंबकाला भीक घालत नाही, स्वस्तातलं धावत येऊन चिकटतं. आणि गंमत अशी, की चांगल्या स्टीलच्या पातेल्याची जिथे कड वळवलेली असते ना, तिथे ते किंचितसं ओढतं. ठोकून, वाकवून त्याचा स्वभाव तेवढ्यापुरता बदललेला असतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरातली सगळी भांडी ओट्यावर काढली होती. नवरा म्हणाला, आज जेवण नाही वाटतं.

मी हातपंपाची मिस्त्री होते. हो, बाई असून. डोक्याला टॉवेल, हातात पाना, मागे जीप. "दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा" असं या अंकाचे संपादक म्हणाले, तेव्हा मला वाटलं, आपण काय लिहिणार? कुठल्या साली लागले आणि कधी कायम झाले ते माझ्या सर्व्हिस बुकात आहे, ते तिथेच सुखात राहू दे. मी तुम्हाला चुंबकाचं सांगते. नोकरीत पगार मिळाला, गुडघे गेले आणि हा एक नाद लागला. गुडघ्यांचं सोडा, नादाचं ऐका!

हातपंप तुम्ही वरून बघता, दांडा आणि तोंड. खरी करामत खाली असते. जमिनीत वीतभर रुंदीचं खोल भोक, त्याला आम्ही बोअर म्हणतो. वरचा थोडा भाग माती ढासळू नये म्हणून लोखंडी नळीनं मढवलेला, त्याखाली नुसता काळा कातळ. त्यात एकाखाली एक जोडलेले पाइप सोडलेले असतात, आणि सगळ्यात खाली सिलिंडर. त्याच्यातले वायसर झिजले की दांडा मारून मारून खांदा निखळतो, पाणी येत नाही. मग आम्ही येतो, तीन पायांची घोडी उभी करतो, सगळे पाइप एकेक करून वर ओढतो, वायसर बदलतो, परत सोडतो. काम सोपं आहे, फक्त एक भीती असते. बोअरच्या उघड्या तोंडातून आत काही पडता कामा नये.

आणि पडतंच! पाना पडतो, पोरांचा दगड पडतो, चाव्या पडतात. आटगावला एकाच्या चाव्या पडल्या होत्या. चाव्या पितळेच्या, पितळ चुंबकाला ओळखसुद्धा देत नाही, पण त्यांची कडी लोखंडाची होती. त्या कडीच्या जिवावर सगळा जुडगा वर आला. वाशिंदच्या नव्या वसाहतीतल्या एका गृहस्थांची सोन्याची अंगठी पडली. मी म्हटलं, "साहेब, सोनं चुंबकाला विचारत नाही." ते म्हणाले, "मग मोठं चुंबक आणा ना!" अहो, मोठं आणलं म्हणून काय झालं? ज्याला यायचंच नाही त्याला कितीही मोठ्यानं हाक मारा! ते रागावले. अंगठी अजून तिथेच आहे.

पण मला सांगायचंय ते डोळखांबच्या वरच्या अंगाच्या एका पाड्याचं. नाव लिहीत नाही, तिथल्या बायका मला फोन करून झापतील.

वैशाख होता. पाड्यात एकच हातपंप. टँकर खालच्या रस्त्यापर्यंत यायचा, वर चढायचा नाही. पंप बंद म्हणजे बायकांनी डोंगर उतरून नदीच्या वाळूत उकरलेल्या डवऱ्यावर जायचं, वाटीनं पाणी भरायचं आणि तो चढ परत चढायचा. त्यातून सोनकीच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. सोनकी म्हणजे पाड्यातली तोंडाळ बाई, तिच्या एका हाकेला सगळा पाडा हजर. आम्ही गेलो तेव्हा ती कमरेवर हात ठेवूनच उभी होती. "मिस्तरीनबाय, हळदीच्या आधी पानी पायजे हां! नायतर तुमालाच हळद लावीन!"

आम्ही म्हणजे मी, ड्रायव्हर बाळूदादा आणि पाइप ओढायला पाड्यातलेच चार गडी. सकाळीच सगळे पाइप वर काढले. वायसरचा भुगा झाला होता. बोअरच्या तोंडावर गोणपाट टाकलं, गोणपाटावर मोठा दगड ठेवला आणि आम्ही मोहाच्या झाडाखाली भाकरी खायला बसलो.

इथे त्या पाड्याची एक रीत सांगायला हवी. पाण्याचं तोंड उघडलं, मग ती विहीर असो की बोअर, तर त्यावर लोखंड आडवं ठेवायचं. लोखंड असलं की आत वाईटसाईट काही शिरत नाही. हे काम पाड्यातल्या थोरल्या बाईचं, म्हणजे धवलीमायचं. धवलीमाय एकटी राहायची. मुलगा-सून वीटभट्टीवर गेलेले, पावसाच्या तोंडाला येणार. ती आपला भाताचा विळा घेऊन आली. आमचा दगड बघून तिला वाटलं, पाण्याच्या आणि लोखंडाच्या मध्ये दगड कशाला? तिनं दगड काढून बाजूला ठेवला, विळा गोणपाटावर आडवा ठेवला, हात जोडले आणि सावलीत जाऊन बसली.

तेवढ्यात सोनकीची शेळी आली.

गोणपाटाला जुन्या दाण्यांचा वास असणार. शेळीनं कोपरा तोंडात धरला आणि ओढलं. आम्ही सगळे "हाड् हाड्" करत उठेपर्यंत विळा उभा झाला, मूठ वर, पातं खाली, आणि टण्ण, टण्ण, टण्ण करत बोअरमध्ये गेला. शेवटी एक लांबचा डुबुक ऐकू आला. शेळी गोणपाट चघळत होती.

आम्ही पाइप सोडून बघितले. जिथे सिलिंडर बसायला हवा त्याच्या बऱ्याच वर पाइप अडला. तिथे कातळाला खाच असावी, विळा त्यात तिरपा अडकला होता. आमच्याकडे गळ असतो, आकड्यांचा झुबका. तो सोडला, फिरवला, झटके दिले. गळ नुसता खरखर वाजायचा आणि रिकामा वर यायचा. बाळूदादानं आरशानं ऊन आत पाडून बघितलं, खोल तळाशी पाण्याचा एक चमचमता ठिपका, बाकी काळोख.

आमचे साहेब दुसऱ्या दिवशी आले. माणूस चांगला, पण त्यांच्याही मानेवर कोणीतरी बसलेला. म्हणाले, "ताई, सोमवारपर्यंत निघाला तर ठीक. नाहीतर बोअर बाद दाखवावा लागेल. नवा मिळेल तेव्हा मिळेल." बाद! बाद म्हणजे त्या भोकावर झाकण बसवायचं आणि पाड्यानं नदी गाठायची. सोनकी तिथेच उभी होती. तिनं साहेबांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. सरळ धवलीमायकडे वळली. "म्हातारे, तुझ्या इळ्यान आमचा पानी मारला! पोरीच्या लग्नात पावन्यांना काय तुझी लाळ पाजू?"

शेळी कोणाची होती ते सगळ्यांना माहीत होतं. बोलायची कोणाची टाप होती?

त्या दिवसापासून धवलीमायच्या ओटीवर कोणी जाईना. ती डवऱ्यावर गेली की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. कोणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. नुसतं गप्प. मला विचाराल तर शिवी परवडली.

मी ठरवलं, चुंबक! विळा म्हणजे पोलाद, पोलाद चुंबकाला नाही म्हणत नाही. पण एवढं मोठं चुंबक आणायचं कुठून? बाळूदादाचा मावसभाऊ मुरबाडच्या बाजूला बेंजो पार्टीत. त्यांचा एक भला मोठा स्पीकर जळला होता. स्पीकरच्या पाठीमागे असतं ते काळं, थाळीसारखं, तेच चुंबक. मी ते हातात घेतलं तर माझ्या पिशवीतला पाना पिशवीसकट उडी मारून चिकटला! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आता त्याला दोर बांधायला कडी हवी. वाटेत लोहाराची भट्टी लागली. लोहार म्हणाला, "ताई, कडी अशी पक्की डागून देतो की हत्ती लटकला तरी सुटणार नाय." त्यानं फुंकणी लावली, थाळी लाल केली, कडी बसवली, पाण्यात चर्रकन बुडवली. कडी खरोखरच पक्की. मी पाना जवळ नेला.

पाना हलेना.

चिकटवून धरला, सोडला, तर खाली पडला. बाळूदादानं थाळी उलटीपालटी केली. "ताई, हा तर नुसता दगड झाला हो!" चुंबकाला तापवायचं नसतं. तापलं की त्याच्या आतली सगळी शिस्त मोडते. एका दिशेला तोंड करून बसलेले कण भंजाळतात, बाजार उठल्यासारखे जिकडेतिकडे होतात. हे लोहाराला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ठाऊक झालं. लोहार बिचारा इतका ओशाळला, चहा पाजल्याशिवाय सोडेना. चहा मला गोड लागला नाही.

मग आठवली भातगिरणी. गिरणीत भात पडतो त्या तोंडाशी एक चुंबक बसवलेलं असतं. पोत्यातून भाताबरोबर खिळे येतात, तारा येतात, ते यंत्रात गेले तर रबरी रूळ फाटतात, म्हणून तिथे हा पहारेकरी. मुरबाड रस्त्यावरच्या गिरणीवाल्या शेठना मी सगळं सांगितलं. शेठनी आधी नाहीच म्हटलं. "ताई, ते काढलं तर माझी गिरणी आंधळी होईल." मी म्हटलं, "शेठ, वैशाखात भरडायला कोण येतंय? आणि तिथे अख्खा पाडा तहानलाय." शेठनी पंखा बंद केला. मग उठून स्वतःच पान्यानं ते काढलं. विटेएवढं, जड. हातात देताना म्हणाले, "पाडू नका, तापवू नका आणि घड्याळ लांब ठेवा." मी घड्याळ आधीच काढून बाळूदादाच्या खिशात टाकलं होतं.

पाड्यावर आलो. ती चुंबकाची वीट दोरीला बांधली आणि बोअरमध्ये सोडली. हातभर गेली नाही तोच खट्ट! बोअरच्या वरच्या लोखंडी नळीलाच चिकटली. चुंबकाला काय कळतं, कुठलं लोखंड आपलं आणि कुठलं परक्याचं? जे जवळ ते आपलं. सोडवताना दोन गड्यांचे तळवे सोलले. मग प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा कापला, वीट त्यात बसवली, तोंड फक्त खालून मोकळं. प्लास्टिक मध्ये आलं, अंतर पडलं आणि वीट गुमान खाली उतरली. अंतर फार महत्त्वाचं. चुंबकाची ताकद बोटभर लांबीवर वाघ, वीतभर लांबीवर मांजर.

आता मजा ऐका. पहिल्या खेपेला दोर ओढला तर वीट दाढीवाली होऊन वर आली! काळ्या रेतीची दाढी. आपला कातळ दिसायला नुसता दगड, पण त्याच्यात लोखंडाचे बारीक कण असतात, ते चुंबकाला येतात. पोरं ती दाढी ओढायला झोंबली. दुसऱ्या खेपेला, बाई गं, नाणी! एक रुपया, दोन रुपये, चांगली मूठभर. मी पाड्याकडे बघितलं, पाडा आभाळाकडे बघायला लागला. दर वेळी आम्ही बोअर उघडला की आमची पाठ फिरताच प्रत्येक घर गुपचूप एक नाणं पाण्याला वाहत होतं! नवी नाणी चुंबकाला येतात, जुनी येत नाहीत, त्यांचा धातू वेगळा. म्हणजे खाली अजून किती असतील देव जाणे. त्याहून कहर म्हणजे एक म्हातारा पुढे आला, माझ्या हातातली नाणी घेतली आणि परत बोअरमध्ये टाकायला निघाला. "वायलेला मागं घेयचा नसतंय, बाय." मी अशी किंचाळले की मोहावरचे पक्षी उडाले.

पण विळा? विळा नाही. पुन्हा पुन्हा वीट सोडली. दोर सैल पडायचा, म्हणजे वीट कशावर तरी टेकायची. ओढली की रिकामी. शनिवार असाच गेला, रविवारही उतरणीला लागला. साहेबही सुट्टी असून आले होते, शर्टाच्या बाह्या सारून दोर धरत होते. तेही शेवटी म्हणाले, "ताई, गाळात रुतला असेल."

मी घाम पुसत होते तेव्हा धवलीमाय तिच्या झोपडीतून बाहेर आली. काखेत गाठोडं. वर एक विळा खोचलेला, पहिल्या विळ्याचा जोडीदार, एकाच लोहाराचा. मी विचारलं, "माय, कुठे?"

"मुरबाडकडं, बहिनीकडं. इथं काय आता? माझ्या हातान पानी मेला, बाय. पोरगा भट्टीवरून येल तं त्याला कोन काय सांगल? तू सांग, आईस गेली म्हनून."

सत्तरीची बाई, वैशाखाच्या उन्हात, गाठोडं घेऊन निघालेली. मला तिला थांबवायचं होतं. म्हणून मी बावळटासारखं म्हटलं, "माय, जाताना तो विळा तरी दाखव. केवढा आहे ते बघते." तिनं गाठोडं खाली ठेवलं, विळा दिला. मी सवयीनं त्याच्या पात्याजवळ वीट नेली. फाट्टकन चिकटला, सोडवायला बाळूदादाला बोलवावं लागलं. म्हणजे येतो, झकास येतो! मग बाळूदादानं विळा पात्याकडून धरला आणि माझ्याकडे मूठ केली. वीट मुठीला लागली.

काही नाही. जराही ओढ नाही.

लाकूड!

"अगं बाई! बाळूदादा, तो आत कसा गेला? मूठ वर, पातं खाली!" मी नाचायचीच बाकी होते. धवलीमाय म्हणाली, "इळा पान्यात तसाच बुडतं गो. मूठ तरंगाया बघतं, पाता बुडाया बघतं." म्हणजे आम्ही दोन दिवस वीट नेऊन लाकडाच्या मुठीवर टेकवत होतो! लाकडाला चुंबकाचं काही देणंघेणं नाही, आणि पोलाद त्याच्या वीतभर खाली. म्हटलं ना, वीतभर लांबीवर मांजर!

खात्री करायला पिंपभर पाणी हवं होतं. पाड्यात भरलेलं पिंप एकच, सोनकीचं, लग्नासाठी झाकून ठेवलेलं. मी मागितलं. सोनकीनं माझ्याकडे बघितलं, धवलीमायच्या गाठोड्याकडे बघितलं. काय वाटलं तिला कोण जाणे, तिनं स्वतः झाकण काढलं. "टाका. पन धुऊन टाका." विळा धुऊन सोडला. तो पिंपात उभा राहिला, मूठ वर, एखादं रोप लावावं तसा. वीट सोडली, मुठीवर टेकली, वर काढली, रिकामी. अगदी तेच!

आता मुठीच्या बाजूनं खाली कसं पोचायचं? चुंबक तर ठोकळा. इथे लोखंडाचा एक गुण कामी आला, जो मला त्याचा सगळ्यात आवडतो. साधं मऊ लोखंड चुंबकाला चिकटलं की तेवढ्यापुरतं तेही चुंबक होतं. खिळ्याला खिळा, त्याला खिळा, अशी माळ लहानपणी सगळ्यांनी केलीय. साहेब एकदम म्हणाले, "ताई, शाळेतलं नालेचं चुंबक! दोन पाय करा त्याला!" अहो, काय बोलले! बाळूदादानं क्षणभरही विचार न करता जीपच्या मागच्या फळीच्या दोन लोखंडी पट्ट्या उपटल्या. एक पट्टी विटेच्या या अंगाला, एक त्या अंगाला, खाली वीतभर लोंबती. पट्ट्या अशा आदळल्या की साहेबांचं बोट सापडलं. साहेबांच्या तोंडून जो शब्द निघाला तो ऐकून बायका पदरात हसल्या. वर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलं. तापवायचं नाव नाही! भोवती पुन्हा प्लास्टिकचा पाइप. दोन पायांच्या मधल्या फटीतून मूठ सहज आत शिरत होती.

पिंपात सोडलं. मूठ फटीत गेली. हाताला एक बारीकसा टक् लागला. उचललं, विळा बाहेर! एक पाय मुठीच्या तळाशी असलेल्या लोखंडी कड्याला, दुसरा पात्याच्या पाठीला, घट्ट. पोरांनी आरोळी ठोकली. मी ओरडले, "थांबा रे, खरा अजून खालीच आहे!"

बोअरमध्ये सोडलं तेव्हा पाडा गोळा झाला होता. दोर माझ्या हातात होता, दुसऱ्या कोणाला मी दिलाच नसता. दोर टेकला. हलकेच फिरवला. टेकला, सरकला, पुन्हा टेकला. मग अचानक वीतभर खाली गेला. मूठ फटीत शिरली! आणि दोरातून वर, माझ्या बोटांना, तो टक्.

"लागला!"

मी हे म्हटलं की किंचाळले ते मला आठवत नाही. पण ओढला तर येईना, खाचेत अडकलेला. जोर लावला तर सुटणार. साहेब म्हणाले, "हळू हळू, ताई." जरा सैल सोडला, अर्धा वळसा दिला, उचलला. नाही. पुन्हा सैल, उलटा वळसा. खाली कातळावर काहीतरी खरवडलं आणि वजन मोकळं झालं. बाळूदादा मागे दोर गोळा करत होता आणि पुटपुटत होता, "ये रे बाबा, ये." शेवटची भीती वरच्या लोखंडी नळीची. विळ्याचं टोक पाइपाबाहेर होतं, ते नळीला चिकटलं तर सगळं हातचं जाणार. टोक चिकटलंही, एकदा, दोनदा, हिसका बसला. मी दोर मधोमध ठेवला. आणि मूठ दिसली. काळी, भिजलेली, टपटप गळणारी. साहेबांनी बोअरच्या तोंडात हात घालून पकडली, त्याच सापडलेल्या बोटाच्या हातानं.

अहो, काय गलका झाला! थाळ्या वाजल्या. साहेबांना कोणीतरी खांद्यावर घ्यायला निघालं, ते घाबरून जीपमध्ये जाऊन बसले. मी खाली मातीत बसकण मारली आणि हसत सुटले. डोळ्यातून पाणी येत होतं आणि मी हसत होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला इतकं भरून कधी आलं नाही.

विळा पुसायला घेतला तर त्याच्या टोकाला एक टाचणी लोंबत होती. तो आता स्वतःच चुंबक झाला होता! जीपच्या पट्ट्या विटेपासून काढल्या तशा साध्या झाल्या, मऊ लोखंड लगेच विसरतं. पोलाद विसरत नाही. मी तो सगळ्यांना दाखवत सुटले, टाचण्या उचलून, सेफ्टी पिना उचलून. बघणारे कंटाळले, मी नाही.

मग पाइप सोडले, सिलिंडर जागेवर बसला, दांडा जोडला. थोडा वेळ नुसती हवा, मग गढूळ, मग स्वच्छ धार. बायकांची झुंबड उडाली. आणि त्या झुंबडीत धवलीमाय नव्हती. ती आपल्या ओटीवर बसली होती, गाठोडं शेजारी, अजून सोडलेलं नाही. मी जाऊन म्हटलं, "माय, चल, पाणी आलं." ती म्हणाली, "आला ना? बरा झाला. आता मी जाते." तिच्या आवाजात राग नव्हता, हेच मला सहन होईना. विळा वर आणणं माझ्या हातात होतं. हे माझ्या हातात नव्हतं.

आम्ही घोडी आवरत होतो. सोनकीनं दोन हंडे भरले, एकावर एक डोक्यावर घेतले आणि निघाली. तिचं घर डावीकडे. ती उजवीकडे वळली. सगळ्या बायका बघायला लागल्या. सोनकी सरळ धवलीमायच्या ओटीसमोर जाऊन उभी राहिली. डोक्यावर भरलेले दोन हंडे, मान ताठ, कडेनं पाणी सांडतंय, तोंडावरून ओघळतंय. सोनकी, जिची जीभ कधी थांबत नाही, ती नुसती उभी. माफी मागायची रीत तिला माहीत नव्हती.

दोन भरलेले हंडे डोक्यावरून एकटीला उतरवता येत नाहीत. दुसऱ्या बाईनं वरचा धरावा लागतो.

"मावशे," सोनकी शेवटी म्हणाली, "उतरव गो. मान मोडली."

धवलीमाय बसून राहिली. पाणी सांडत होतं. मग ती गुडघ्यावर हात देत उठली, पुढे झाली आणि वर हात करून हंडा धरला. "येवढा काठोकाठ कशाला भरलास गो, येडे?" ती म्हणाली. "निम्मा सांडलास वाटंत."